त्रिफळ्यातली मधली दांडी आणि पीटर्सफील्डचा जॉन स्मॉल

प्रश्न असा आलाय की जॉन स्मॉल नावाचा अठराव्या शतकातला एक इंग्लिश क्रिकेटर होता, त्याला काही लोक पहिला खरा बॅट्समन म्हणतात, तर त्याने नेमकं केलं काय, त्याचे रन किती, आणि त्याचा मुलगाही खेळायचा असं ऐकलंय ते खरं का. मी मिरजेत गेली ३१ वर्षं पोरांना बॅटिंग शिकवतोय आणि संध्याकाळी बॅटी दुरुस्त करतो, हँडल बदलणं, चीर गेलेली चिकटवणं, दोरा मारणं सगळं. त्यामुळे हा माणूस मला फार जवळचा वाटतो, कारण तो पण दोन्ही करायचा, बॅटिंग पण आणि बॅट पण. म्हणून उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

सुरुवात आपल्याच शब्दापासून करू. बॅट्समन बोल्ड झाला की आपण म्हणतो त्रिफळा उडाला. रेडिओवर मराठी कॉमेंट्री ऐकून मोठे झालेल्यांच्या कानात तो शब्द अजून तसाच वाजतो, त्रिफळाचीत! तीन दांड्या म्हणून त्रिफळा, सरळ आहे. पण स्मॉल खेळायला लागला तेव्हा दांड्या दोनच होत्या. दोन दांड्या, उंची २२ इंच, आणि वर आडवी एकच बेल, ती सहा इंचाची. म्हणजे आजच्या २८ इंच उंच आणि ९ इंच रुंद स्टंपांच्या तुलनेत बुटकं आणि अरुंद दार. दार म्हणतोय ते मुद्दाम, कारण मधे काहीच नव्हतं, नुसती फट. दांड्यांची जाडी वजा केली तरी तीन इंचाचा बॉल त्यातून आरामात निघून जाईल एवढी. आणि नियम असा की बेल पडली तरच आउट. बॉल मधून गेला आणि बेल जागेवर राहिली तर बॅट्समन नाबाद, खेळ पुढे चालू.

२२ मे १७७५, लंडनमधलं आर्टिलरी ग्राउंड. केंट परगण्याचे पाच विरुद्ध हॅम्बल्डन गावच्या क्लबचे पाच असा सिंगल विकेट सामना, म्हणजे एका वेळी एकच बॅट्समन, नॉन-स्ट्रायकर नाही. हे सामने तेव्हा पैजेवर चालायचे आणि पैजा मोठ्या असायच्या. हॅम्बल्डनचा शेवटचा माणूस आत आला, जॉन स्मॉल, वय ३८, आणि जिंकायला हवे होते १४ रन. समोर बॉलर होता लम्पी, खरं नाव एडवर्ड स्टीव्हन्स, मूळचा सरेचा, लॉर्ड टँकरव्हिल यांच्याकडे माळीकाम करायचा, त्या दिवशी केंटकडून खेळत होता. लम्पी म्हणजे त्या काळातला सगळ्यात अचूक बॉलर. त्याची गंमत अशी की पिच कुठे आखायचं हे ठरवायची संधी मिळाली की तो उंचवट्याची जागा शोधायचा, बॉल टप्पा खाऊन उताराला लागला की खाली बसतो, आणि २२ इंचाच्या स्टंपला तसाच बॉल लागतो.

तर त्या दिवशी लम्पीने स्मॉलला तीन वेळा हरवलं. बॅट चुकली, बॉल सरळ दोन दांड्यांच्या मधून आरपार गेला, आणि बेल हलली नाही. एकदा नाही, तीनदा! स्मॉलने १४ रन काढले आणि हॅम्बल्डन जिंकलं. बघणाऱ्यांना वाटलं की हा बॉलरवर अन्याय आहे, त्याचा सगळ्यात सरळ बॉलच वाया जातोय. जो थोडा बाहेर पडला तो दांडीला लागतो आणि जो अगदी मधोमध पडला तो फुकट. मग मधे तिसरी दांडी घालायची असं ठरलं. लगेच दुसऱ्या दिवशी सगळीकडे तीन दांड्या आल्या असं नाही, हळूहळू काही वर्षांत ती रुळली, पण कारण म्हणून सांगितला जातो तो हाच सामना. आपला त्रिफळा शब्द ज्या मधल्या दांडीमुळे पुरा होतो ती दांडी लम्पीच्या तीन बॉलची आहे, आणि समोर उभा होता स्मॉल.

बरेच जण ही गोष्ट सांगतात ती स्मॉलच्या नशिबाची म्हणून. मला त्यात नशीब कमी दिसतं. तीन वेळा चुकल्यावर, तेही लम्पीसमोर, शेवटचा माणूस म्हणून, पैजेच्या सामन्यात, पुढचा बॉल परत त्याच शांतपणे खेळायचा, हे जमायला काय लागतं ते नेटमधे उभं राहिलेल्या कोणालाही विचारा. आमच्याकडची पोरं एकदा बीट झाली की पुढच्या बॉलला राग काढतात आणि मग जातात. स्मॉल चवथ्या बॉललाही तसाच उभा राहिला असणार, नाहीतर १४ झाले नसते.

आता मागे जाऊ. जन्म १९ एप्रिल १७३७, हॅम्पशायरमधलं एम्पशॉट नावाचं खेडं. लहानपणीच घरचे पीटर्सफील्डला आले आणि पुढचं सगळं आयुष्य तिथेच गेलं. धंदा चांभाराचा, बूट शिवायचा. जवळच हॅम्बल्डन गाव, तिथला क्लब १७६०-७० च्या दशकात सगळ्या इंग्लंडला भारी होता. मैदान म्हणजे ब्रॉडहाफपेनी डाउन, उघडा माळ, वाऱ्याला काही अडसर नाही, आणि समोर बॅट अँड बॉल नावाची खानावळ, ती आजही आहे. खानावळ चालवायचा रिचर्ड नायरन, तोच टीमचा कॅप्टन. टीम कोणाची तर सुतार, कुंभार, शेतकरी, चांभार. टॉम स्यूटर लाकूडकामातला, पुढे डेव्हिड हॅरिस आला तो कुंभार. पैसे लावणारे सरदार-दरकदार वेगळे, पण खेळ या लोकांच्या हातात. रिचर्डचा मुलगा जॉन नायरन लहानपणी हे सगळं मैदानाच्या कडेला बसून बघायचा आणि त्याने १८३३ मधे आपल्या आठवणी छापल्या, स्मॉलबद्दल आज आपल्याला जे कळतं त्यातला मोठा भाग तिथूनच येतो.

आता मूळ मुद्दा, पहिला खरा बॅट्समन का म्हणतात. यासाठी बॉलिंग कशी बदलली हे आधी कळलं पाहिजे, नाहीतर नुसतं नाव पाठ होईल.

जुन्या क्रिकेटमधे बॉल जमिनीवरून घरंगळत यायचा. हात खालून, अंडरआर्म, आणि बॉल सरपटी, आपण लहानपणी गोट्या-लगोरीत सोडतो तसा, फक्त जोरात. अशा बॉलला काय बॅट लागते? खाली वळलेली, हॉकी स्टिकसारखी. सगळ्यात जुनी जी बॅट शिल्लक आहे, १७२९ सालची, ओव्हलला ठेवलेली, ती बघा, खाली वाकडी आहे. सरपटी बॉलला वाकडी बॅट एकदम बरोबर हत्यार आहे, लाकडाचं पोट जमिनीलगत आणि आडवा फटका.

मग साधारण १७६० च्या सुमारास बॉलर लोकांनी बॉल हवेतून टप्प्यावर टाकायला सुरुवात केली. हात अजून खालूनच, पण बॉल मधे टप्पा खातो, उसळतो, कधी बसतो, कधी वळतो. लेंग्थ, म्हणजे बॉल कुठे टप्पा खातो ते अंतर, ही गोष्ट इथे जन्माला आली. आणि वाकड्या बॅटीचा निकाल लागला.

हे मी पोरांना तोंडी सांगून बघितलं, कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. म्हणून एकदा ओळखीच्या सुताराकडून लिंबाच्या लाकडाची तशी वाकडी बॅट करून घेतली. अंडर-१४ ची पोरं होती. आधी बॉल घरंगळत सोडला, पोरं खूश, सगळे बॉल लागतायत, लांब जातायत, एकाने तर विचारलं सर हीच वापरू का. मग तोच बॉल मी खालूनच पण गुड लेंग्थवर टप्पा पाडून टाकला, वेग काही नाही, अगदी हळू. आणि एकदम सगळं बंद पडलं. बॉल बॅटीच्या वरून जातोय, वळणाच्या आतून जातोय, दांड्यावर लागतोय. पाच मिनिटांत एक पोरगा आपणहून बॅट उभी धरून, वाकडा भाग मागे वळवून, सरळ दांड्यानेच बॉल अडवायला लागला. मी काही बोललो नव्हतो. त्या पोराच्या हातात मला तेव्हा १७६०-७० चं हॅम्बल्डन दिसलं.

कारण साधं आहे. आडव्या बॅटीची आणि उसळत्या बॉलची गाठ एकाच उंचीवर, एकाच क्षणी पडते, अंदाज बोटभर चुकला की गेला. उभी बॅट मात्र स्टंपच्या पायापासून वरपर्यंत पूर्ण पट्टा झाकते, बॉल बसला तरी लाकूड आहे, उसळला तरी लाकूड आहे, चुकायची दिशा एकच उरते, डावी-उजवी. आणि डावी-उजवी सांभाळायला डोकं बॉलच्या रेषेत नेलं की झालं. बॅट सरळ आण, डोकं वर ठेव, कोपर पुढे, हे जे आपण प्रत्येक मैदानावर ओरडतो, शिवाजी पार्कपासून आमच्या मिरजेपर्यंत, त्याचा उगम इथे आहे. सरळ बॅट स्मॉलनेच शोधली असं काही जण ठामपणे म्हणतात. मी एवढंच म्हणेन की ती ज्याच्या हातात पहिल्यांदा पूर्ण तंत्र म्हणून दिसली आणि ज्याने ती स्वतःच्या दुकानात तासून लोकांना विकली तो माणूस स्मॉल आहे. ही दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

कारण बूट शिवता शिवता हा माणूस आधी बॉलकडे आणि मग बॅटीकडे वळला. आमच्या मिरजेत हे कोणाला समजवावं लागत नाही, इथली शिकलगार घराणी हत्यारं घासायचं काम करायची आणि त्यातून तंबोरे-सतारी करायला लागली, हात तोच असतो, काम बदलतं. चांभाराला चामडं कळतं, आरी आणि मेण लावलेला दोरा हातात असतो, टाका दोन्हीकडून कसा ओढायचा म्हणजे शिवण उसवत नाही हे त्याला माहीत असतं. कोल्हापुरी शिवणारा कारागीर बघितलात तर कळेल, टाका ओढताना तो दोरा मुठीला गुंडाळून झटका देतो, त्या झटक्यात सगळं आहे. बॉलची शिवण ढिली राहिली तर दहा-वीस फटक्यांत बॉल फुगतो, आकार जातो. स्मॉलचे बॉल घट्ट म्हणून नावाजले होते.

आणि बॅट. तेव्हाची बॅट म्हणजे एकसंध लाकूड, पातं आणि हँडल एकाच फळीतून काढलेलं. वेताचं हँडल खाचेत बसवायची पद्धत पुढच्या शतकातली. एकसंध बॅट हाताला किती वाईट झणझणते ते मी अनुभवलंय, बॉल टोकाला लागला की कोपरापर्यंत मुंग्या येतात. अशी बॅट करणाऱ्याला लाकडाची रेघ बघूनच काम करावं लागतं, कारण हँडल तुटलं तर बदलायला काही नाही, अख्खी बॅट गेली. आज माझ्याकडे हँडल मोडलेली बॅट येते, मी स्प्लाइसमधून, म्हणजे पात्यातल्या हँडलच्या खाचेतून, जुनं वेत कोरून काढतो, नवं बसवतो, सरस लावून रात्रभर शिकंज्यात ठेवतो, पोरगं दोन दिवसांनी खेळायला मोकळं. स्मॉलच्या गिऱ्हाइकाला ही सोय नव्हती. त्यामुळे त्याची बॅट घेणारा माणूस विश्वासावर घेत होता, आणि विश्वास कसला तर हा माणूस स्वतः हीच बॅट घेऊन लम्पीसमोर उभा राहतो याचा. पीटर्सफील्डला त्याच्या दारावर पाटी होती, त्यात यमक जुळवून लिहिलं होतं की इथे जॉन स्मॉल राहतो, बॅट-बॉल बनवतो, आणि इंग्लंडातल्या कोणाशीही क्रिकेट खेळायला तयार आहे. जाहिरात आणि आव्हान एकाच पाटीवर.

आता बॅटीच्या रुंदीची गोष्ट, ही माझ्या मते त्याच्या स्वभावाचा सगळ्यात चांगला पुरावा आहे. सप्टेंबर १७७१, लेलहॅम बर्वे नावाचं मैदान, चर्टसी क्लब विरुद्ध हॅम्बल्डन. चर्टसीचा थॉमस व्हाईट बॅट घेऊन आला ती विकेटएवढी रुंद! नियमात रुंदीबद्दल काहीच नव्हतं तेव्हा. हॅम्बल्डन तो सामना एका रनने जिंकलं, म्हणजे हरल्याचा राग नव्हता. तरी लगेच २५ सप्टेंबरला त्यांनी कागद केला, की बॅटीची रुंदी सव्वाचार इंचापेक्षा जास्त नको. खाली सह्या तीन, फास्ट बॉलर टॉम ब्रेट, कॅप्टन रिचर्ड नायरन, आणि जॉन स्मॉल.

ब्रेटची सही कोणालाही कळेल, बॉलरच तो. पण स्मॉल बॅट्समन होता, वर बॅट विकणारा. रुंद बॅट चालू राहिली असती तर त्याला दोन्हीकडून फायदा, रन पण आणि गिऱ्हाईक पण, प्रत्येकजण त्याच्याकडे येऊन म्हणाला असता की मला विकेटएवढी करून दे. त्याने सही करून स्वतःचाच धंदा आणि स्वतःचीच बॅटिंग सव्वाचार इंचात बांधून घेतली. क्लबने मग लोखंडी चौकट करून ठेवली, तिच्यातून बॅट गेली तर चालेल. १७७४ च्या नियमांत ही रुंदी लिहिली गेली आणि आज २०० हून जास्त वर्षांनी तुमच्या किटमधली बॅट काढून पट्टी लावा, सव्वाचार इंचच, म्हणजे साधारण १०.८ सेंटिमीटर. जाडी, वजन, हँडल, स्टिकर, सगळं बदललं, ही रुंदी बदलली नाही. माझ्या दुकानात मापाला एक पत्र्याची खाच आहे, बॅट तासून झाली की तिच्यातून काढतो, आणि दर वेळी हा कागद आठवतो.

रन किती हा प्रश्न. इथे आधी एक गोष्ट समजून घ्या की तेव्हा रन लिहायचे नाहीत, काठीवर खाचा पाडायचे. जुन्या दूधवाल्याच्या उधारीच्या रेघा असायच्या ना भिंतीवर, तसंच, दर दहाव्या खाचेला मोठी खाच. सामना संपला की बेरीज झाली, काठी चुलीत गेली तरी कोणाला काही वाटत नसे. कोणी किती काढले हे वर्तमानपत्रात आलं तर आलं. स्मॉलबद्दल असं एकदा आलं, १७६८ मधे केंटविरुद्ध त्याने एकट्याने सात विसांच्या वर खाचा काढल्या, म्हणजे १४० पेक्षा जास्त. पण बातमीत ते एका डावात की दोन्ही मिळून हे दिलेलं नाही, म्हणून रेकॉर्डवाले ते शतक धरत नाहीत.

व्यवस्थित स्कोअरकार्ड सलग मिळायला लागतात ती १७७२ पासून. आणि अगदी सुरुवातीच्या कार्डावर, जून १७७२, ब्रॉडहाफपेनी डाउनवर हॅम्पशायर, म्हणजे हॅम्बल्डनचीच टीम, विरुद्ध इंग्लंड, म्हणजे बाकी इंग्लंडमधले निवडक, हॅम्पशायर सगळे मिळून १४६ आणि त्यात एकट्या स्मॉलचे ७८. निम्म्याहून जास्त. दुसऱ्या डावात टीमचे ७९, त्याचे ३४. सामना ५३ रननी जिंकला. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता हे ध्यानात घ्या. म्हणजे बॅट्समनची जी उमेदीची वर्षं, २२ ते ३५, ती सगळी त्या काठ्यांबरोबर गेली आणि आपल्याकडे आहे ती त्याच्या कारकिर्दीची दुसरी बाजू. म्हणून मला कोणी त्याचं ॲव्हरेज विचारलं की मी सांगत नाही, ते काढून उपयोग नाही, अर्धा सिनेमा बघून हिरोचं वय ठरवल्यासारखं आहे ते.

जुलै १७७५ मधे, म्हणजे त्या लम्पीच्या सामन्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ब्रॉडहाफपेनीवरच सरेविरुद्ध हॅम्पशायरने दुसऱ्या डावात ३५७ केले आणि त्यात स्मॉलचे १३६. मोठ्या दर्जाच्या सामन्यातलं नोंद असलेलं हे पहिलं शतक. त्याआधी १७६९ मधे जॉन मिनशुलचं १०७ नोंदलेलं आहे पण तो सामना त्या दर्जाचा धरत नाहीत, म्हणून कुठे मिनशुलचं नाव दिसेल कुठे स्मॉलचं, गोंधळून जाऊ नका. त्याच डावात कॅप्टन नायरनचे ९८ होते, दोन रननी त्याचं राहिलं. पॅड नाही, ग्लोव्ह नाही, रोलर फिरवलेलं पिच नाही, मेंढ्या चरून गेलेलं गवत, आणि चार बॉलची ओव्हर. तिथे १३६ म्हणजे किती वेळ, किती बॉल, किती वेळा नडगीवर मार, विचार करा.

आणि हे रन तो धावून काढायचा. नायरनच्या आठवणींत एक गोष्ट आहे ती कोच म्हणून मला फार आवडते, की छोट्या फटक्यावर एक रन चोरणारा स्मॉल हा बहुधा पहिलाच. बॉल जवळच ढकलला, फिल्डर वाकेपर्यंत हा पलीकडे. नजर आणि निर्णय एकाच वेळी. सरळ बॅटीशी याचा थेट संबंध आहे हे मला शिकवता शिकवता कळलं. आडवा फटका मारणारा माणूस फटक्यानंतर गोल फिरतो, तोल मागे असतो, त्याला पळायला दोन पावलं उशीर होतो. सरळ बॅटीने मऊ हाताने पुढे ढकललं की शरीर आधीच पुढे निघालेलं असतं, पहिलं पाऊल फुकट मिळतं. माझ्याकडे एक मुलगी येते, अंगाने बारीक, फटक्यात जोर नाही, तिला मी नुसतं हे शिकवलं, ढकल आणि निघ, आणि ती आता तिच्या वयोगटात सगळ्यांना पळवते. फिल्डर म्हणूनही स्मॉल पहिल्या रांगेतला होता, मधल्या भागात उभा राहायचा, म्हणजे रन चोरणारा पण तोच आणि चोर पकडणारा पण तोच.

संगीताचं सांगायलाच पाहिजे, मिरजेत राहून ते गाळता येत नाही. स्मॉल व्हायोलिन वाजवायचा, चर्चमधल्या वादकांत होता. केंटचा मोठा आश्रयदाता ड्यूक ऑफ डॉर्सेट, म्हणजे विरुद्ध पार्टीचा माणूस, त्याला कळलं की हा चांभार वाजवतो चांगलं, तर त्याने एक सुंदर व्हायोलिन पाठवलं, पोचवायचा खर्चसुद्धा स्वतः भरून. स्मॉलने काय केलं, स्वतः केलेल्या दोन बॅटी आणि बॉल ड्यूकला पाठवले, आणि पोचवायचा खर्च स्वतः भरला. हिशोब चोख. एवढ्या मोठ्या सरदाराने काही दिलं की लोक वाकतात, हा सरळ उभा राहिला, आणि आपल्या हातचं सगळ्यात चांगलं जे होतं ते दिलं. दुसरी एक आठवण, तो वाजवायला कुठेतरी निघाला होता, शेतातून जाताना मारका बैल अंगावर आला. हातात मोठं तंतुवाद्य. पळाला नाही, तिथेच वाजवायला लागला, आणि बैल ऐकत उभा राहिला. कोणी म्हणेल की रंगवून सांगितलंय. मला ती पटते, कारण लम्पीचे तीन बॉल आरपार गेल्यावर चवथा बॉल खेळणारा माणूस बैलासमोर असंच करेल.

शेवटची वर्षं. १७७७ मधे सेव्हनओक्सला हॅम्बल्डनच्या जेम्स एलवर्डने इंग्लंडविरुद्ध १६७ काढून स्मॉलचा १३६ चा आकडा मागे टाकला. पुढे बिली बेल्डम आला, तो १७६६ चा जन्म, स्मॉलपेक्षा २९ वर्षांनी लहान, आणि बॅट काय काय करू शकते हे त्याने दाखवलं, पुढे सरसावून ड्राइव्ह, स्टंपजवळून कट. कोण मोठा असं विचारलं तर खेळायला मी बेल्डम घेईन, पण शिकवायला स्मॉल, कारण बेल्डमची घडी स्मॉलच्या पायावर बसलेली आहे. १७८७ मधे लंडनला एमसीसी हा क्लब झाला, पैसा आणि सरदार तिकडे गेले, हॅम्बल्डन १७९० च्या दशकात विझत गेलं. स्मॉल मात्र खेळतच होता. त्याचा शेवटचा नोंदलेला मोसम १७९८ चा, वय ६१! तोपर्यंत तिसरी दांडी सगळीकडे रुळली होती, म्हणजे ज्या फटीतून तो तीनदा वाचला ती बंद झाल्यावरही हा बरीच वर्षं टिकला. ज्यांना वाटतं तो नशिबावर खेळला त्यांनी हे एवढं बघावं. मधली दांडी आल्यावर बॅट्समनला मिडल स्टंप धरून उभं राहावं लागतं, सगळं गणित परत मांडावं लागतं, आणि त्याने ते चाळिशी ओलांडल्यावर मांडलं. ३१ डिसेंबर १८२६ ला पीटर्सफील्डला गेला, नव्वदीला काही महिने कमी होते.

आणि मुलाचं विचारलंय ते खरं आहे. मुलगा पण जॉनच, बापाचंच नाव, जन्म १७६५, तो १७८० च्या दशकात हॅम्पशायरकडून खेळायला लागला आणि बाप अजून रिटायर झालेला नव्हता, त्यामुळे बरीच वर्षं दोघं एकाच टीममधे होते. १७९० च्या आसपासची कार्डं कुठे बघायला मिळाली आणि त्यात स्मॉल दोनदा दिसला तर छपाईची चूक समजू नका, एक पन्नाशीतला आहे, दुसरा पंचविशीतला.